बोंबील, ब्रसेल्स आणि आमचा आठवडी बाजार

गेल्या महिन्यात लेस्टरहून विजूदादाचा फोन आला. विजूदादा म्हणजे आमच्या आत्याचा मुलगा, १९८९ पासून विलायतेत. (आमच्याकडे अजून विलायतच म्हणतात.) डिसेंबरात येतोय म्हणाला. मग इकडचं तिकडचं झालं, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, आणि फोन ठेवता ठेवता म्हणतो कसा, "दोन किलो बोंबील घेऊन ठेव रे. कारंजाचेच घे."

मला हसू आलं. कारंजाचे बोंबील! आमचं कारंजा वाशिम जिल्ह्यात, तिथून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास. समुद्र बघायला आमच्या आजीला वयाची साठी ओलांडावी लागली. आणि दादरच्या चौपाटीवर उभं राहून ती पहिलं वाक्य काय बोलली असेल? "एवढ्या पान्यात बोंबील कुठी रायते?"

"तिकडे मिळत नाहीत का आता?" मी विचारलं.

"मिळतात की. पाकिटात, सीलबंद, वर कसले कसले आकडे छापलेले. पण ९७ साली बंद झाले होते ते मी विसरलेलो नाही."

हे मलाही अंधुक आठवत होतं. तेव्हा त्याच्या पत्रात एक ओळ होती की बोंबील मिळेनासे झालेत, सरकारने बंद केले. मला वाटलं, त्याच्या ओळखीचं दुकान बंद पडलं असेल आणि हा नेहमीप्रमाणे वाढवून सांगतोय. या वेळी मात्र फोन ठेवल्यावर वाचायला बसलो, आणि एकातून दुसरं निघत गेलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो. घरातल्या मंडळींना यातलं अर्धं माहीत आहे, उरलेलं मलाही माहीत नव्हतं.

आधी आमच्या बाजाराबद्दल सांगायला हवं. कारंजा म्हटलं की लोकांना गुरुमंदिर आठवतं, जैन मंदिरं आठवतात. अशा गावात मासळीला बाजाराच्या मध्यभागी जागा कोण देणार? सुक्या मासळीवाल्या बायका नेहमी कडेला बसायच्या, मिरच्यांच्या ढिगांच्याही पलीकडे. पोत्यावर बोंबलाचा ढीग, शेजारी सुकट, शेजारी झिंगे. ओली मासळी म्हणजे अडाण धरणातली किंवा तलावातली, भोई लोक आणायचे ती. तिची परीक्षा सोपी, बऱ्याचदा ती टोपलीत हलत असायची! खरा प्रश्न सुक्या मासळीचा. ती कुठून आली, कधी वाळवली, मधे कुठे भिजली, काहीच कळायला मार्ग नाही. आजोबा सांगायचे की त्यांच्या काळी मुंबईची पोती मूर्तिजापूरला उतरायची आणि तिथून आपल्या शकुंतलेत बसून कारंजाला यायची. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद रुळांची गाडी. कापूस न्यायला टाकलेल्या त्या रुळांवरून उलट दिशेने बोंबील यायचे.

आजीची बोंबील घ्यायची पद्धत ठरलेली होती. एक बोंबील उचलायचा आणि मोडायचा. कट्कन आवाज आला पाहिजे. वाकला तर तो ओला, म्हणजे वजनाला जास्त आणि घरी जाऊन बुरशी धरणार. मग वास. मग पोत्याच्या तळात हात घालून मूठभर वर काढायचा, कारण वरचा माल दाखवायचा आणि खालचा विकायचा हे सगळ्याच धंद्यात चालतं. तळाला किती भुसा आणि किती वाळू निघते ते बघायचं. भुसा म्हणजे किडा लागलाय. हे सगळं झाल्यावर भाव. आम्ही पोरं लाजून दूर उभे राहायचो.

१९७९ च्या पावसाळ्यात, मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा, एक प्रकार झाला. आजीला पडसं होतं म्हणून बाजाराला आई गेली आणि अर्धा किलो बोंबील घेऊन आली. तव्यावर भाजायला टाकल्यावर जो वास सुटला तो बोंबलाचा नव्हता. आमच्या घरात तो वास सगळ्यांच्या ओळखीचा होता, कारण ज्वारीच्या कणगीत किडे होऊ नयेत म्हणून जी पावडर टाकायचे तिचा तो वास. बी.एच.सी. पावडर, गावात तिला गमॅक्सिन म्हणायचे. पावसाळ्यात सुक्या मासळीला माश्या आणि किडे फार लागतात, तेव्हा वाटेत कुणीतरी पोत्यांवर ती भुरभुरली होती. चोंदलेल्या नाकाच्या आजीलासुद्धा तो वास आला. तिने तवा उचलून सगळं उकिरड्यावर ओतलं, वर माती लोटली, कारण मांजराने खाल्लं असतं. आम्ही त्या दिवशी भाकर आणि ठेचा खाल्ला.

पुढच्या बाजाराला ती स्वतः गेली, मला बरोबर घेऊन. उरलेले बोंबील पदरात बांधलेले. ते तिने बाईसमोर पोत्यावर टाकले आणि म्हणाली, "काऊन वं, याले काय लावलं? लेकरायले मारतं का?"

बाई आधी चिडली. मग तिने एक तुकडा नाकाशी धरला आणि गप्प झाली. "मले काय मालूम वं माय," ती म्हणाली. "मोठ्या गावाहून पोतं येते, मी सोडतो अन् इकतो." तिने ते पोतं बाजूला सरकवलं. दुसऱ्यातले अर्धा किलो मोजून दिले. ते पहिलं पोतं तिने नंतर विकलं की फेकलं, मला माहीत नाही. आजीने विचारलंही नाही. पण त्यानंतर ती बाई आम्हाला बघितलं की स्वतःच एक बोंबील मोडून पुढे करायची.

आता गंमत बघा. (गंमत म्हणायची सवय, यात गमतीचं काही नाही.) १९७९ साली या देशात अन्नभेसळीचा कायदा नव्हता असं नाही. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा आहे, १९५५ पासून अमलात. त्याखाली निरीक्षकाने नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करायचे, एक सरकारी विश्लेषकाकडे पाठवायचा, सगळं लिहिलेलं होतं. कायदा सगळ्याच खाद्यपदार्थांना होता, म्हणजे आजीच्या बोंबलालाही. पण त्याची नजर मुख्यतः दूध, तूप, तेल, मसाले यांच्यावर. आठवडी बाजारातल्या पोत्यापाशी थांबून नमुना घेणारा माणूस मी तरी कधी पाहिला नाही. आमचा जिल्हा तेव्हा अकोला होता, वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. जिल्ह्याच्या गावाहून निघून कारंजाच्या मिरच्यांपलीकडे कोण पोचणार?

आणि त्याच काळात, त्याच देशात, मासळीच्या दर्जावर कडक सरकारी पहारा होता! फक्त तो दुसऱ्या मासळीवर होता. १९६३ साली संसदेने निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) कायदा केला. १९६४ पासून निर्यात तपासणी परिषद कामाला लागली. कारण उघड होतं. कोचीहून १९५३ पासून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली होती, तिच्यातून डॉलर येत होते आणि देशाला डॉलरची फार गरज होती. माल खराब निघून परत आला तर देशाची पत जाणार. म्हणून गोठवलेल्या कोळंबीची जहाजावर चढण्याआधी तपासणी सक्तीची झाली. १९७२ साली सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी कोचीला वेगळं प्राधिकरण स्थापन झालं. मुंबई, कोलकाता, कोची, चेन्नई, दिल्ली इथे तपासणी संस्था, प्रयोगशाळा, शिक्के, सगळं.

मला यात कुणाला दोष द्यायचा नाही. गरीब देशाने आधी परकीय चलनाचा विचार करावा हे समजू शकतं. पण वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली. न्यूयॉर्कच्या माणसाने खायच्या कोळंबीत काय आहे हे बघायला आपल्याकडे कायदा, माणूस आणि प्रयोगशाळा होती. माझ्या आईने आणलेल्या बोंबलात काय आहे हे बघायला आजीचं नाक होतं, आणि त्या आठवड्यात तेही चोंदलेलं होतं.

असो. आता विजूदादाच्या १९९७ कडे येतो.

युरोपीय लोकांनी १९९१ साली मासळीच्या आरोग्याविषयी एक मोठा नियम केला. त्याचा सारांश असा की बाहेरच्या देशातून येणारी मासळी मान्यता मिळालेल्या कारखान्यातूनच आली पाहिजे, आणि त्या कारखान्यावर तिथल्या सरकारच्या सक्षम यंत्रणेची देखरेख पाहिजे. नुसता तयार माल तपासून चालणार नाही, बोटीपासून बर्फापर्यंत आणि पाण्यापासून कामगाराच्या हातापर्यंत सगळी साखळी तपासायची. ही पद्धत मुळात अमेरिकेत १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी बसवली गेली होती. अंतराळात कुणाचं पोट बिघडलं तर काय करणार! आपल्या सरकारने १९९५ साली निर्यातीच्या मासळीसाठी त्याच धर्तीवर नवे नियम केले. पण कागदावर नियम होणं आणि कारखान्यात ते उतरणं यात अंतर असतं. युरोपचे तपासनीस इथे आले, त्यांना जे दिसलं ते आवडलं नाही, मालात साल्मोनेला नावाचे जंतू सापडत होते, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांनी भारताची मासळी थांबवली. बांगलादेशचीही त्याच सुमारास.

डिसेंबर १९९७ मध्ये बंदी उठली, पण सरसकट नाही. मान्यता मिळालेल्या कारखान्यांची यादी झाली आणि त्या यादीतल्यांनाच दार उघडलं. या चार-पाच महिन्यांनी आपला मासळीधंदा मुळापासून हलवला. त्याआधी कोळंबी सोलायचं काम कारखान्याबाहेर शेडमध्ये, कुठेही चालायचं. आता ते कारखान्याच्या आत, फरशी घातलेल्या खोलीत, तपासलेल्या पाण्यात करावं लागलं. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी बदल केले. छोटे बरेच संपले. सोलणाऱ्या बायकांच्या डोक्यावर टोप्या आल्या, हातात मोजे आले. हा बदल चांगला होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. धाक बसल्याशिवाय तो झाला नसता हेही तितकंच खरं.

पण या सगळ्यात आमच्या बोंबलाचं काय झालं? बोंबलाला कारखानाच नाही!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोंबील हा फार पाणीदार मासा, हातात धरला तर लोळागोळा होतो. डोलजाळ्यात तो ढिगाने सापडतो आणि काही तासांत नासतो. म्हणून कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या तो वाळवला. वेसावे, मढ, उत्तन, अर्नाळा, जिथे जाल तिथे किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मीठही लावत नाहीत. ऊन आणि वारा, बस. एवढ्यावर तो महाराष्ट्रभर जातो, वऱ्हाडात जातो, आणि इंग्रज गेल्यावरही त्यांच्या देशात 'बॉम्बे डक' म्हणून जात राहिला. (हे नाव 'बॉम्बे डाक' गाडीवरून पडलं असं सांगतात. ऐकायला छान आहे, पण इंग्रजी छापील मजकुरात हे नाव आपल्याकडे रेल्वे येण्याच्या आधीपासून सापडतं. तेव्हा ती गोष्ट सोडून द्यावी.)

बंदीच्या आधी ब्रिटनमध्ये वर्षाला तेरा टनांहून जास्त बोंबील खपायचा. करी हाउसमध्ये जेवणाआधी कुरकुरीत तळून पापडासारखा द्यायचे. १९९७ नंतर तो नाहीसा झाला. का? तर नियमाप्रमाणे मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातून यायला हवी, आणि वेसाव्याच्या वाळूत उभ्या असलेल्या बांबूंना मान्यता क्रमांक कोण देणार?

यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की बोंबलाने काही गुन्हा केला आहे असं कुणी म्हणतच नव्हतं. आरोग्याच्या दृष्टीने त्याच्याविरुद्ध आपल्याकडे पुरावा नाही, हे ब्रसेल्सच्या आयोगाने मान्य केलं. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांनी सांगितलं की बोंबील खाऊन विषबाधा झाल्याची एकही नोंद आमच्याकडे नाही. पण नियमात त्याच्यासाठी रकाना नव्हता. तिथल्या बोंबीलप्रेमींनी चक्क 'बॉम्बे डक वाचवा' अशी मोहीम काढली, भारतीय उच्चायुक्तालयाने आयोगाकडे विषय नेला, आणि शेवटी तोड निघाली. मासा उघड्यावरच वाळवा, हरकत नाही, पण त्याचं पॅकिंग मान्यताप्राप्त केंद्रात झालं पाहिजे. बर्मिंगहॅमच्या एका घाऊक व्यापाऱ्याने मुंबईत असं केंद्र शोधून काढलं आणि बोंबील परत गेला.

मी यावर बराच विचार केला. पहिल्यांदा वाटलं, हा निव्वळ देखावा आहे. माश्या बसायच्या त्या दोरीवर बसतात, वाळू लागायची ती किनाऱ्यावर लागते, पावडर कुणाला भुरभुरायची तर ती गोदामात भुरभुरतो. शेवटी स्वच्छ खोलीत पाकिटात भरून काय होणार? पण मग १९७९ ची बाई आठवली. "मले काय मालूम वं माय." तिचं खोटं नव्हतं. पोतं कुठून आलं हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिच्या मागच्यालाही नसेल. विजूदादाच्या पाकिटावर निदान एक क्रमांक आहे. वास आला तर तो क्रमांक धरून माणूस मागे मागे चालत जाऊ शकतो आणि कुठल्यातरी दारावर थाप मारू शकतो. आमची आजी जास्तीत जास्त त्या बाईच्या पोत्यापर्यंत जाऊ शकली.

(आणखी एक योगायोग. ती बी.एच.सी. पावडर भारतात बंद झाली १ एप्रिल १९९७ ला. बोंबलाच्या बंदीच्या बरोबर चार महिने आधी. पत्रात मी हे विजूदादाला कळवलं नाही, कारण मलाच ते आत्ता समजलं.)

देशातल्या खाणाऱ्यांसाठी खरा बदल यायला पुढे आणखी वेळ लागला. २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला, २००८ मध्ये त्याचं प्राधिकरण आलं, आणि ऑगस्ट २०११ पासून नियम लागू झाले. १९५४ चा कायदा गेला. नव्या नियमांत मासळीसाठी वेगळं प्रकरण आहे, गोठवलेली कोळंबी, शेवंड, माकूळ, खारवलेली सुकी मासळी, डबाबंद मासळी वगैरे. त्यात चक्क शार्कच्या सुकवलेल्या परांसाठीही मानक होतं! ते पर आपल्याकडे कोण खातं? ते परदेशी सूपसाठी जायचे, आणि २०१५ साली त्यांची निर्यातच बंद झाली. यादी वाचताना जाणवतं की ती ताटाकडे बघून कमी आणि बंदराकडे बघून जास्त लिहिलेली होती. नंतर त्यात सुधारणा होत गेल्या, हेही सांगायला हवं.

आणखी एक कलम मला महत्त्वाचं वाटलं. हा कायदा शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला लागू नाही. हेतू चांगला आहे, बिचाऱ्या कोळ्याच्या मागे निरीक्षक लागू नयेत. पण याचा अर्थ मासळी कायद्याच्या नजरेत येते ती त्याच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. छोट्या विक्रेत्यांनी नोंदणी करायची. म्हणजे जिला पोतं कुठून आलं हे माहीत नाही, नेमकी ती बाई कायद्याला पहिली सापडते.

याचा प्रत्यय २०१८ च्या जुलैत आला. गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीवर अन्न व औषध प्रशासनाने छापा घातला. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक सोपी पट्टी बाजारात आणली होती, माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बदलला की फॉर्मेलिन. जागेवर केलेल्या चाचणीत फॉर्मेलिन निघालं. मग प्रयोगशाळेचा निर्वाळा आला, की प्रमाण मर्यादेच्या आत आहे. लोक खवळले. फॉर्मेलिन म्हणजे प्रेत टिकवायचं औषध, ते माशात घालायला परवानगीच नाही, तर मर्यादा कुठून आली? १८ जुलैपासून गोवा सरकारने पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद केली. नोव्हेंबरात पुन्हा बंदी, आणि मग अट, की गाडी शीतरोधक हवी, नोंदणी हवी. त्यात सापडले कोण? आंध्रचे मोठे ट्रकवाले होतेच, पण सिंधुदुर्गचे आणि कारवारचे छोटे टेम्पोवालेसुद्धा, जे सकाळी पकडलेली मासळी बर्फात घालून दोन तासांत मडगावला पोचवायचे. फॉर्मेलिन लावायची त्यांना गरजच नव्हती. गाडी बदलायला पैसे मात्र नव्हते.

यातली शास्त्राची गुंतागुंत कुणी नीट सांगितली नाही. काही माशांच्या अंगात मेल्यानंतर आपोआप थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं, बाहेरून काही न लावता. आणि या माशांत कोण बसतो? आपला बोंबील! २०१९ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा नैसर्गिक फॉर्माल्डिहाइडसाठी माशांच्या गटांप्रमाणे वेगवेगळ्या मर्यादा सांगितल्या. हेच आधी झालं असतं तर बरीच आरडाओरड वाचली असती.

त्या जुलैत मी कारंजाला होतो, वडिलांना बरं नव्हतं म्हणून. व्हॉट्सॅपवर मडगावचे व्हिडिओ आमच्या गल्लीत पोचायला एक दिवस लागला नाही. डॉक्टरांनी वडिलांना मटण बंद करून मासे खायला सांगितले होते, आणि नेमके त्याच आठवड्यात घरात मासे नकोत असं ठरलं. मी बाजारात गेलो. आता तिथे १९७९ च्या बाईची सून बसते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याकडे सुकी मासळी आहेच, शिवाय थर्माकोलच्या खोक्यात बर्फातली आंध्रची रोहू-कटलाही ठेवते. समोर गिऱ्हाईक नव्हतं. "भाऊ, पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "धरणातली मच्छी बी घेत नाही कोणी. कालची जित्ती होती, थे बी नाही घेतली." तिच्या मासळीची चाचणी कुणीच केली नव्हती. केली असती तर तिला बरंच झालं असतं.

मी धरणातली रोहू घेतली. वडिलांना सांगितलं नाही की बाजारात काय वातावरण आहे. त्यांनी खाल्ली, आणि काटे काढता काढता म्हणाले, "तुझ्या आजीनं आधी गलफडं पाहिले असते." मी पाहिले होते. लाल होते.

परवा विजूदादाच्या बोंबलासाठी पुन्हा गेलो. (नियम बघून ठेवले आहेत. सध्या तिकडे स्वतःच्या खाण्यापुरती वीस किलोपर्यंत मासळी सामानातून नेता येते. म्हणजे ज्या बोंबलासाठी व्यापाऱ्याला कारखाना शोधत फिरावं लागलं, तो दादा बॅगेत घालून नेऊ शकतो. फक्त शेजारच्या प्रवाशाचा विचार करून नीट बांध, दादा.) सुनेच्या मागे बांबूला एक कागद टांगलेला दिसला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. नोंदणीचं प्रमाणपत्र. चौदा आकडी क्रमांक, २ ने सुरू होणारा, म्हणजे छोट्या विक्रेत्याची नोंदणी. मुलाने ऑनलाइन करून दिलं म्हणाली.

"बोंबील कुठचे आहेत?" मी विचारलं.

"अकोल्याहून येते पोतं."

"त्याच्या आधी?"

ती हसली. "थे अकोल्यावाल्याले इचारा."

मग तिने पोत्यात हात घातला, अगदी तळाशी, एक बोंबील वर काढला, माझ्यासमोर मोडला आणि दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवले. मी दोन किलो घेतले. घरी येऊन बायकोने पाच-सहा तव्यावर भाजून पाहिले, खिडकी उघडी ठेवून. चांगले निघाले. बाकीचे डब्यात भरून ठेवलेत, दादा, डिसेंबरपर्यंत टिकतील. नाही टिकले तर पुन्हा आणू.